पत्ता असलेल्या बेपत्ता

'बेपत्ता' हा शब्द मला खटकतो. जिचा पत्ता लागत नाही ती बेपत्ता, एवढाच त्याचा अर्थ. परंतु शोधणाऱ्याने पाऊलच उचलले नाही तर पत्ता लागावा कसा? शोध न घेणाऱ्याची उणीव हा शब्द मोठ्या सफाईने त्या स्त्रीच्याच माथी मारतो.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रूपर्ट असा सुमारे सव्वासातशे किलोमीटरचा रस्ता आहे. सरकारी नाव हायवे १६; लोकांनी ठेवलेले नाव 'अश्रूंचा महामार्ग'. १९६९ ते २००६ या काळात या रस्त्यावर व आसपासच्या महामार्गांवर नाहीशा झालेल्या वा मारल्या गेलेल्या १८ मुली व स्त्रियांची प्रकरणे पोलिसांच्या एका खास पथकाकडे आहेत. त्यांतील अनेक जणी तेथील मूलनिवासी समाजाच्या. हे पथक स्थापन झाले २००५ मध्ये. पहिली घटना १९६९ ची! १९७४ च्या एका खुनातील गुन्हेगाराचे नाव डीएनए चाचणीतून २०१२ साली निष्पन्न झाले, तेव्हा तो अमेरिकेतल्या तुरुंगात मरून सहा वर्षे लोटली होती. बहुतेक प्रकरणे आजही उलगडलेली नाहीत.

२००२ मध्ये याच रस्त्यावरून एक गोरी तरुणी नाहीशी झाली आणि वृत्तपत्रे खडबडून जागी झाली. तिचा शोध कसून घेतला गेला, तो घ्यायलाच हवा होता. पण तिच्याआधीच्या मुलींच्या आयांनी काय समजायचे?

या मुली लिफ्ट मागत, त्यांची राहणीच धोक्याची होती, असे म्हणणारे सुज्ञ तिकडेही भेटतात. लिफ्ट का मागत? गावे दूरदूर विखुरलेली, हातात पैसा नाही, आणि दवाखाना, बाजार, नोकरी सारे शहरात. बस परवडेल अशी नाही, सोयीची तर नाहीच. २००६ साली प्रिन्स जॉर्ज येथे भरलेल्या परिषदेने ३३ शिफारशी केल्या, त्यांत पहिली होती गावोगावी बससेवेची. लिफ्ट मागू नका, असे मुलींना बजावणारा फलक रस्त्याकडेला लागला. गावांना जोडणारी सरकारी बस मात्र २०१७ मध्ये धावू लागली. मधल्या काळात, २०१५ साली, या महामार्गासंबंधीचे ई-मेल सरकारी कचेरीत पुसून टाकल्याचे प्रांताच्या माहिती आयुक्तांनी उघड केले. एस.टी. चुकली तर दुसरीची वाट पाहत स्टँडवर ताटकळणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांना त्या अकरा वर्षांचा अर्थ फोड करून सांगायला नको.

कोणी म्हणेल, कॅनडाचे आपल्याला काय? एखादी मोलकरीण, ऊसतोड कामगाराची सून, वेडसर म्हणून हिणवली गेलेली एखादी बाई घरी परतली नाही, तर आपल्याकडे पहिला उद्गार कोणता निघतो? 'गेली असेल कोणाबरोबर तरी.' चौकशी सुरू होण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो! या एका वाक्यात पहिले दोन-तीन दिवस जातात, आणि माग काढायचा तर तेच दिवस मोलाचे.

कायद्याचीही एक गंमत आहे. (गंमत म्हणायला जीभ रेटत नाही.) २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर आदेश दिला, की मूल हरवल्याची तक्रार आली तर अपहरण वा विक्री झाली असे गृहीत धरून गुन्हा नोंदवावा. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत मात्र सहसा 'मिसिंग'ची नोंद होते. घातपाताचा संशय दाखवता आला तर गुन्हा. तो संशय दाखवायचा कोणी? ज्या घरावर संशय घ्यावा, कित्येकदा तेच घर तक्रार घेऊन आलेले असते.

सज्ञान स्त्रीला घर सोडण्याचा हक्क आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. छळाला कंटाळून निघालेलीला पकडून पुन्हा त्याच उंबऱ्याआड ढकलावे, असे मी मुळीच म्हणणार नाही. तिला शोधावे, एकटीला गाठून विचारावे, आणि तिची इच्छा नसेल तर घरच्यांना ठावठिकाणा सांगू नये. पण विचारण्यासाठी आधी ती सापडायला हवी ना?

म्हणजे सतरा वर्षे अकरा महिन्यांची मुलगी पळवली गेली असे धरून चालायचे, आणि अठरावा वाढदिवस उलटला की ती आपल्या पायांनी गेली असे धरायचे. आपल्या वर्गांतील बहुतेक जणी या रेषेच्या पलीकडच्या आहेत.