प्रलय आणि सातबारा

प्रलयोत्तर जगाच्या कादंबऱ्यांची गोडी आपल्याकडील तरुण वाचकांनाही लागली आहे. त्यात गैर काही नाही. तथापि प्रलयाबरोबर मालमत्ताही संपते, हे या कादंबऱ्या फार सहज गृहीत धरतात. कॉर्मॅक मॅकार्थी यांच्या 'द रोड' (२००६) मध्ये राखेतून चालणाऱ्या बापलेकांपाशी उरते ती सामानाची एक ढकलगाडी; जमीनजुमला कोणाचा, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही.

धाराशिव जिल्ह्याचा अनुभव निराळा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरत असताना, सास्तूर आणि भोवतालची गावे कोसळली. दगडमातीच्या जाड भिंतींचे वाडे माणसांसह गाडले गेले; कुडाच्या झोपडीत निजलेले पुष्कळ वाचले. धरणीने जणू प्रथमच गरिबाला झुकते माप दिले! पुढे स्थलांतरित गावांत पक्की घरे उभी राहिली, हे शासनाचे मोठेच काम होय. परंतु ती वाटली गेली सातबारा पाहून : भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, सात हेक्टरांवरील खातेदाराला ७५०. घरातील माणसे किती, हा हिशेबच नव्हता. जग बुडाले आणि तलाठ्याचे दप्तर तरले. मराठीत प्रलयाची कादंबरी लिहू पाहणाऱ्याने प्रथम ते दप्तर उघडावे.