रेषेचा राम, देहाचा राम

बांधाच्या मालकीवरून दोन-तीन पिढ्या दावा चालवणाऱ्या खातेदाराला पुढेपुढे शेतातल्या पिकाशी काही कर्तव्य उरत नाही, सनद कोणाच्या आजोबाच्या नावाची एवढ्यावरच त्याचा जीव अडकून पडतो; आणि बालपणी पाहिलेल्या रेखाचित्रपटाची जिवंत नटांना घेऊन नवी आवृत्ती निघाली की आपल्याकडील रसिकांची गत नेमकी अशीच होते. २ ऑक्टोबर २०२२ रोजी अयोध्येत ओम राऊत यांच्या ‘आदिपुरुष’ची पहिली झलक दाखवण्यात आली, आणि लगोलग, इकडे बोरघाटाच्या पायथ्याशी, पळसदरीच्या फलाटावर खोपोली लोकलची वाट पाहणाऱ्या कॉलेजच्या मुलांच्या मोबाइलवर जोडचित्रे फिरू लागली: एका अंगाला राऊतांचा रावण, दुसऱ्या अंगाला युगो साको या जपानी गृहस्थाने तीस वर्षांपूर्वी चितारून घेतलेला. निकाल तिथल्या तिथे जाहीर होत होता, आणि तो बहुतेक एकतर्फीच होता. जून २०२३ मध्ये चित्रपट प्रत्यक्ष लागला तेव्हा त्या निकालावर जणू शिक्कामोर्तब झाले. चित्रपट फसला याबद्दल माझी तक्रार नाही. तो का फसला याची जी कारणे दोन्ही पक्षांनी दिली, ती मात्र मला मुळीच मान्य नाहीत.

पहिल्या पक्षाची कैफियत तिच्यावर अन्याय न होईल अशा रीतीने मांडायची तर ती अशी: साको यांच्या रामायणासाठी साडेचारशेच्या आसपास चित्रकार राबले, लाखभर चित्रे हातांनी काढली गेली, आपल्याकडील अ‍ॅनिमेशनचे आद्य आचार्य राम मोहन दिग्दर्शनात सहभागी होते, संगीत वनराज भाटियांचे होते आणि संस्कृत गीते आपल्या वसंत देवांनी रचली होती, अशा निष्ठेने सिद्ध झालेली कृती हीच मूळ आणि प्रमाण, तिला पुन्हा हात लावणे हाच अपराध, आणि रेषेत एकदा अवतरलेल्या रामाला नटाच्या देहात उतरवणे म्हणजे त्याला खाली ओढणे.

ऐकायला ही कैफियत गोड आहे, परंतु तिच्या पहिल्याच कलमाला इतिहास आडवा येतो. साको १९८३ साली भारतात आले ते पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननांवर माहितीपट करण्यासाठी. रामायणाने त्यांना झपाटले ते त्या निमित्ताने. पण त्यांचा मनोदय प्रकट होताच आक्षेप निघाला तो कशावर? रामायण हा राष्ट्राचा वारसा आहे, कोणा परकीयाने आपल्या मर्जीप्रमाणे त्याचे चित्रण करू नये, अशा आशयाचे निषेधपत्र विश्व हिंदू परिषदेने जपानी वकिलातीकडे धाडले. आणि इतक्या नाजूक विषयाला कार्टूनचे रूप द्यावे काय, ही शंका सरकारदरबारीही होतीच. म्हणजे त्या काळी रेषा हीच विटंबना ठरत होती! पुढे चित्रपट सिद्ध झाला तोवर अयोध्येतल्या बाबरी मशिदीवरून १९९२ चे वादळ उठले होते. थिएटरांत त्याला रीतसर जागा मिळाली नाही, आणि एक पिढी त्याला भेटली ती सुट्टीच्या दुपारी दूरदर्शन संचावर. थिएटरांत त्याचे देशभर रीतसर प्रदर्शन झाले ते थेट २४ जानेवारी २०२५ रोजी. आज त्याच्या नावाने शपथ घेणाऱ्यांपैकी कित्येक जण तेव्हा वयाने मोठे असते, तर त्या निषेधपत्राखाली सही करून मोकळे झाले असते, असे मला राहून राहून वाटते. कृतीला प्रामाण्य आले ते वहिवाटीने. आणि वहिवाटीने मिळालेला हक्क हा हक्क असला, तरी त्याच्या आधारे दुसऱ्याची दरखास्तच दाखल करून घेऊ नये असे म्हणता येत नाही.

बाहेरचाही एक दाखला थोडक्यात पाहू, कारण मूळ कोणते हा प्रश्न किती निसरडा आहे ते त्यावरून कळते. किपलिंगचे ‘जंगल बुक’ १८९४ चे. डिस्नेचा रेखाचित्रपट १९६७ चा, जिवंत नटाचा नवा चित्रपट २०१६ चा. आणि नवा आला तेव्हा जुन्याचे कैवारी मूळकृतीच्या नावाने गळा काढू लागले. परंतु डिस्नेच्या पंचवीस वर्षे आधी, १९४२ साली, झोल्टन कोर्डाने म्हैसूरच्या साबूला मोगली करून जिवंत नटांचाच चित्रपट केला होता! आणि ज्या ‘मुळा’साठी एवढे रडणे चालले होते त्यात किपलिंगचा का नावाचा अजगर, जो पुस्तकात मोगलीचा पाठीराखा आहे, तो चक्क खलपात्र झालेला आहे. तेव्हा मुळाची चौकशी मनापासून करू लागलो, तर पहिला आरोपी म्हणून डिस्नेलाच उभे करावे लागेल.

दुसरा पक्ष स्वतःला प्रागतिक म्हणवतो. रेखाटलेला चित्रपट ही मुलांची करमणूक. त्या काळी साधने नव्हती म्हणून रेषांवर भागवले. आता संगणक आहे, तेव्हा तेच ‘खरे’ करून दाखवावे, ही त्याची भूमिका. साको यांचा चित्रपट पाहूनच, आजच्या तंत्राने तसे काही करावे, ही कल्पना राऊतांच्या मनात आली असे वाचनात आले. ती कल्पना निंद्य नाही. निंद्य आहे तो तिच्या पोटातला समज, की रेषा म्हणजे वास्तवाची उधारी आणि तंत्र म्हणजे तिची परतफेड. चित्रकार रेषा ओढतो तेव्हा तो जितके दाखवतो त्याहून अधिक गाळतो, आणि जे गाळले ते प्रेक्षकाचे मन भरून काढते. हनुमान पर्वताएवढा होतो हे रेषेला दोन फटकाऱ्यांत साधते आणि आपण प्रश्न विचारत नाही. तेच छायाचित्रासारखे करून दाखवले की कातडी, केस, सावली, वजन यांचा हिशेब आपले डोळे आपसूक मागू लागतात. २०१९ चा ‘लायन किंग’ पाहा. सूर्योदयाचे एक दृश्य सोडले तर त्यात कॅमेऱ्याने टिपलेले काहीही नाही, सारे संगणकावर घडवलेले. तरी त्याची मिजास अशी की जणू आफ्रिकेत जाऊन सिंहांकडून अभिनय करवून घेतला. जुना सिंह भुवई उडवू शकत होता, कारण तो सिंह नव्हताच. नव्याला खऱ्या सिंहाचा चेहरा मिळाला आणि बापाच्या मृत्यूवर रडण्याची सोय नाहीशी झाली.

तर मग रेषेतून देहात जाऊच नये काय? येथे माझा पक्ष सुरू होतो, आणि त्यासाठी मला पळसदरीहून फार लांब जावे लागत नाही. येथून गाडी घाट चढू लागते. वर लोणावळा, त्याच्या पुढचे स्टेशन मळवली. राजा रविवर्म्याचा छापखाना, जो १८९४ साली मुंबईत उभा राहिला, तो पुढे या मळवलीस हलला, जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या हाती गेला आणि १९७२ च्या आगीपर्यंत तेथे नांदला. एकेका रंगासाठी वेगळा दगड घासून, एकावर एक ठसे उमटवून तेथे लक्ष्मी, सरस्वती, सीता छापल्या जात आणि गावोगावच्या देवघरांत जाऊन बसत. आपल्या पणजीच्या मनातली सीता त्या दगडावरची होती. याच छापखान्यासाठी धुंडिराज गोविंद फाळके यांनी काम केले, लोणावळ्यास स्वतःचा छपाईचा व्यवसाय मांडला. आणि ज्या हातांनी देवांची चित्रे कागदावर उतरवली त्याच हातांनी १९१३ पासून देव पडद्यावर चालते केले. चित्रातला देव देहात आणण्याचा आपल्याकडचा पहिला मोठा उद्योग हा असा घाटमाथ्यावरच्या शाईतून निघालेला आहे. आणखी गंमत अशी की याच फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’मध्ये आगपेटीतल्या काड्याही नाचवल्या. रेषेचा पक्ष आणि देहाचा पक्ष असा भेद त्या मनुष्याच्या स्वप्नातही आला नसावा.

फाळक्यांचा ‘लंकादहन’ १९१७ चा. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या अण्णा साळुंके यांनी केल्या. हा गडी मूळचा मुंबईच्या एका उपाहारगृहात काम करणारा. उरलेल्या चित्रफितीत त्यांचे दंड पाहावेत: लुगड्याच्या आत मावत नाहीत, कामाने पोसलेले पुरुषाचे दंड आहेत ते. रविवर्म्याच्या गोऱ्यापान, गोलगोल मनगटांच्या सीतेशी ताडून पाहिले तर हा उघड उघड अवमान! आणि तरीही राम पडद्यावर आला की लोक पायांतल्या वहाणा काढीत, असे सांगतात. चित्रात नसलेली एक गोष्ट त्या देहापाशी होती: तो दमत होता, त्याच्या पायाखाली जमीन होती, त्याच्या अंगावर खरे ऊन पडले होते. सौंदर्यात तो हरला, सत्तेत जिंकला. देहाने रेषेकडे जावे ते हे घेऊन जावे, एवढीच माझी अट आहे.

तळकोकणात ही अट कोणी लिहून न ठेवता शतकानुशतके पाळली गेली. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथीच्या पोथीतली रंगवलेली पाने एकेक उचलून रामायण सांगतात. तेच कळसूत्री बाहुल्या नाचवतात, चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पाडतात. त्याच मुलखात जत्रेच्या रात्री दशावतारी मंडळी येतात, आपली रंगभूषा आपणच करतात, आणि एक लाकडी बाकडे हेच सिंहासन, हाच रथ. सपाट चित्रातला रावण आणि बाकड्यावरचा घामाघूम झालेला रावण, दोघांनाही गावाने एकाच हंगामात पाहिले. चित्रकथी दशावताराची नक्कल करीत नाही आणि दशावतारी चित्राप्रमाणे सपाट होऊ पाहत नाही. म्हणूनच तेथे मालकीचा तंटा उद्भवला नाही.

‘आदिपुरुष’चा गुन्हा या कसोटीवर घासून पाहावा. रेषेचे गाळण्याचे स्वातंत्र्य त्याने सोडून दिले आणि देहाची सत्ता मात्र मिळवली नाही. पुष्पकाऐवजी वटवाघळासारख्या काळ्या जनावरावर रावण येतो. त्या पाठीवर बसलेल्या माणसाचे वजन पाठीवर पडलेले मला कोठे दिसले नाही. आमच्या रायगडचा, अलिबागचा देवदत्त नागे त्यात हनुमान झाला, ज्याच्या कसलेल्या शरीराचा जिल्ह्याला अभिमान. पण त्या शरीराच्या भोवती सगळेच धुरकट, आणि वर त्याच्या मुखी असे नाक्यावरचे संवाद घातले की प्रदर्शनानंतर काही दिवसांतच ते बदलण्याची पाळी निर्मात्यांवर आली. पहिल्या झलकेवर झालेल्या गदारोळानंतर जानेवारीचे प्रदर्शन जूनवर ढकलले गेले, ते दृश्यांची डागडुजी करण्यासाठी. संवादांना ती सवलत आधीच मिळती तर बरे झाले असते.

उलट बाजूचा पुरावा रायगडचाच आहे. २०१६ च्या ‘जंगल बुक’चे चित्रीकरण लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत झाले, जनावरे सगळी संगणकाची, तरी हिंदी आवृत्तीतला शेरखान आपल्या लोकांनी तत्काळ ओळखला, कारण मुरुडच्या नाना पाटेकरांचा आवाज त्याला होता, आणि नव्वदच्या दशकात दूरदर्शनवरच्या जपानी रेखामालिकेतल्या शेरखानालाही तोच होता. कातडे बदलले, कंठ राहिला. एका माणसाच्या छातीतून निघालेला श्वास रेषेलाही चालला आणि संगणकालाही चालला.

यावर एक अवघड आक्षेप येईल आणि तो मीच नोंदवून ठेवतो. याच राऊतांचा ‘तान्हाजी’ २०२० साली आला. त्यातला कोंढाणा, कडे, दऱ्या बव्हंशी संगणकाच्याच होत्या, आणि तरी महाराष्ट्राने त्याला डोक्यावर घेतले, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. मग देहाचा सिद्धांत कोठे राहिला? तो येथेच सिद्ध होतो, असे माझे म्हणणे. तो कडा खोटा होता, पण कड्यासमोरची माणसे खरी होती. शरद केळकरांचे शिवाजीमहाराज नुसते उभे राहिले तरी दालनातली हवा बदलत होती, आणि घरातल्या प्रसंगांत तान्हाजीचा हात पत्नी सावित्रीच्या हातात खरोखर पडत होता. खोटी दरी माणसाला घाबरवू शकते, जर काठावर उभ्या असलेल्याचा तोल खरा असेल. दिग्दर्शक तोच, संगणक तोच. पहिल्या वेळी त्याने यंत्राला पाठीमागे उभे केले होते, दुसऱ्या वेळी पुढे.