मावेजात वकिलाचा वाटा नको

शेतकरी बंधूंनो, तुमच्या घरचं पोरगं वकील होऊन बीड, माजलगाव नाहीतर अंबाजोगाईच्या कोर्टात उभं राहिलं, की पहिला सल्ला तुम्हीच द्या: मावेजात टक्का घ्यायचा नाही.

माजलगाव धरणात, रस्त्यात, नगर-बीड-परळी रेल्वेत जमिनी गेल्या. वाढीव मावेजाचा दावा लावायचा तर हातात पैसा नसतो. मग "आत्ता काही देऊ नका, निकालानंतर बघू" म्हणत टक्का ठरतो. आपल्याला ती सोय वाटते. पण निकालावर फी ठरवायला आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. वसुलीत निम्मा हिस्सा ठरवणाऱ्या वकिलाला सुप्रीम कोर्टाने १९५४ सालीच गैरवर्तनाबद्दल दोषी धरले. वाटेकरी झालेला वकील तडजोडीच्या वेळी तुमचं बघणार, की स्वतःचं?

नवख्या वकिलाचे सुरुवातीला हाल होतात, हे खरे. सिनियरच्या फायली उचलायच्या, तारखा घ्यायच्या अन् खर्चाला घरी हात पसरायचा. घरच्यांनी दोन-तीन वर्षे कळ काढावी. पक्षकारांनीही फी थोडीथोडी का होईना, वेळेवर द्यावी आणि पावती मागावी. फुकट राबवून घ्यायचे आणि वर इमानदारीची अपेक्षा करायची, हे बरे नव्हे.

ऐपतच नसेल तर विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अटही नाही. सरपंचांनी हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावे. कोऱ्या कागदावर अंगठा मात्र कोणालाच देऊ नका, वकील भावकीतला असला तरी.