मिसळ मोजावी लागते

दोन वायू एकमेकांशेजारी शांतपणे ठेवले तर ते सावकाश मिसळतात. बंद खोलीत उदबत्तीचा वास पसरावा तसे. पण त्यांच्या सीमेवरून आघातलहर, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगाने धावणारी दाबाची भिंत, गेली की सारे काही सहस्रांश सेकंदांत उलटेपालटे होऊ लागते. सीमा अगदी सपाट कधीच नसते. तिच्यावरच्या बारीक सुरकुत्यांपाशी भोवरे तयार होतात, सुरकुत्या वाढतात, जड वायूची टोके हलक्यात आणि हलक्याचे फुगे जडात शिरतात. अमेरिकेतील लॉस अलामोसचे रॉबर्ट रिक्टमायर यांनी १९६०मध्ये हे गणिताने सांगितले. सोव्हिएत रशियातील येवगेनी मेश्कोव्ह यांनी १९६९मध्ये ते प्रयोगात दाखवले. अण्वस्त्रांच्या शर्यतीतील दोन्ही बाजूंची नावे म्हणूनच या अस्थिरतेला एकत्र चिकटली आहेत.

मेश्कोव्ह यांच्या प्रयोगातली वाढ रिक्टमायर यांच्या गणितापेक्षा कमी भरली. चूक कुणाची? वायू वेगळे राहावेत म्हणून नलिकेत नायट्रोसेल्युलोजचा अतिशय पातळ पडदा लावला होता. आघाताने तो फाटतो खरा, पण त्याच्या चिंध्या वायूबरोबर वाहत जातात आणि मोजमापात लुडबूड करतात. पडदा नको, तर दोन वायू वेगळे कसे ठेवायचे? या साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर संशोधकांनी कित्येक वर्षे खर्च केली आहेत. ॲरिझोना विद्यापीठात नलिका उभी केली. वरून हवा आणि खालून तिच्या पाचपट जड असलेला सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू हळूहळू सोडला. दोघे जिथे भेटतात तिथल्या फटींतून जादा वायू बाहेर जाऊ दिला. मग नलिका अलगद हलवून सीमेवर ठरवलेल्या मापाच्या लाटा उठवल्या. आघात त्यानंतर. एका वायूत ॲसिटोनसारखी वाफ मिसळली की लेझरच्या पातळ प्रकाशपट्टीत ती चमकते आणि कुठे किती मिसळ झाली त्याचे छायाचित्र मिळते.

एवढा खटाटोप करण्याचे कारण असे, की ही मिसळ आपला जन्म विसरत नाही. आघात तोच, वायू तेच, पण सुरुवातीच्या सुरकुत्या वेगळ्या, तर मिसळीचा पट्टा वेगळ्या गतीने रुंदावतो. ही गती सांगणारा आकडा प्रयोगशाळेगणिक बदलतो, तो यामुळेच. म्हणून शेवटचे चित्र कितीही सुंदर असले तरी सुरुवात मोजलेली नसेल तर ते फारसे उपयोगाचे नाही.

हा हिशेब चुकला की काय होते, हे कॅलिफोर्नियातील नॅशनल इग्निशन फॅसिलिटीने अनुभवले. १९२ लेझर किरणांनी सुमारे दोन मिलिमीटरची इंधनाची गोळी दाबून केंद्रकीय संमीलन घडवायचे, तेही २०१२पर्यंत, असे ठरले होते. महासंगणकांचे आकडे आशादायक होते. ते साधले नाही. अनेक कारणांपैकी एक होते गोळीच्या कवचाचे द्रव्य आतल्या तापलेल्या इंधनात मिसळणे. गंमत अशी, की तिथेही एक पडदा निघाला: गोळी जागेवर धरून ठेवणारा, मीटरच्या अब्जांश भागांत मोजावा इतका पातळ. तोही सीमेवर व्रण उठवत होता. डिसेंबर २०२२मध्ये २.०५ मेगाज्यूल लेझर ऊर्जा देऊन ३.१५ मेगाज्यूल मिळाली, ती मधल्या दहा वर्षांत अशा एकेका व्रणाचा माग काढल्यावर. आकाशातही हेच. फेब्रुवारी १९८७मध्ये दिसलेल्या ताऱ्याच्या स्फोटातून क्ष-किरण अपेक्षेपेक्षा काही महिने आधीच पोहोचले, कारण गाभ्यातले द्रव्य बाहेरच्या थरांत आधीच मिसळले होते. कांद्यासारखे थर गृहीत धरणारी प्रारूपे तिथे तोकडी पडली.

आपल्याकडे २०१५पासून राष्ट्रीय महासंगणन मोहीम चालू आहे आणि ती हवीच. पण संगणकाला खरे-खोटे सांगणारे मोजमाप कोण करणार? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक के. पी. जे. रेड्डी यांनी हाताने दट्ट्या ढकलून आघातलहर निर्माण करणारी छोटी, स्वस्त नलिका बनवली. तेव्हा अडचण निव्वळ पैशाची नाही. नलिका जुळवण्यात दोन-तीन वर्षे घालवणाऱ्या विद्यार्थ्याच्या नावावर त्या काळात एकही शोधनिबंध नसतो आणि आपली मूल्यमापन पद्धत निबंध मोजते. शेजारच्या टेबलावर गणन करणाऱ्याचे तोवर चार छापून येतात. संशोधनाचा निधी वाटण्यासाठी २०२३च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभे राहिले आहे. प्रवाहांच्या गणनाला पैसे देताना ते गणन कोणत्या प्रयोगाशी पडताळणार, हे अर्जातच विचारावे. आणि त्या प्रयोगासाठी नलिका उभारणाऱ्याला पाच वर्षांचा सलग निधी द्यावा, दरवर्षी प्रगतीपुस्तक न मागता.