दुखवटा झाला, न्यायाचे काय?

३ एप्रिल २००० रोजी हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स येथे 'रेडिओ हैती-इंतेर' या नभोवाणी केंद्राच्या आवारात जाँ डॉमिनिक यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. केंद्राचा एक रखवालदारही त्यांच्यासोबत मारला गेला. सरकारने दुखवटा पाळला, शासकीय इतमामाने निरोप दिला. परंतु वीस वर्षे उलटल्यावरही या खुनाच्या सूत्रधारांना शिक्षा झालेली नव्हती.

डॉमिनिक मूळचे शेतीतज्ज्ञ. दुवालिए हुकूमशाहीत त्यांनी तुरुंगवास भोगला. १९७० च्या दशकाच्या आरंभी हे केंद्र त्यांच्या हाती आले. कचेऱ्यांची आणि न्यायालयांची भाषा तेव्हा फ्रेंच होती. कष्टकरी जनता क्रिओल बोलत होती. डॉमिनिक यांनी बातम्या, मुलाखती व भाष्य क्रिओलमधून ऐकविले. अक्षरशत्रू ठेवलेल्या शेतकऱ्यालाही आता राज्यकारभाराची झाडाझडती कळू लागली. सत्ताधाऱ्यांना सलले ते हेच. २८ नोव्हेंबर १९८० रोजी केंद्रावर धाड पडली, पत्रकारांना हद्दपार करण्यात आले आणि डॉमिनिक यांना परदेशी आश्रय घ्यावा लागला.

१९८६ मध्ये दुवालिए राजवट कोसळली. परतलेल्या डॉमिनिक यांच्या स्वागतास हजारो लोक विमानतळावर लोटले. मोडलेले केंद्र उभे राहिले त्यात गोरगरिबांनी दिलेल्या लहानलहान देणग्यांचा वाटा होता. १९९१ च्या लष्करी बंडाने पुन्हा विजनवास आणला, पण तोही त्यांना नमवू शकला नाही.

१९९६ मध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या औषधाने हैतीत अनेक बालके दगावली. डॉमिनिक यांनी या प्रकरणाचा माग काढला. याच विषाने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांचे बळी घेतले होते, हे मराठी वाचक विसरलेले नाहीत. ज्या आरिस्तिद यांच्या लोकचळवळीची डॉमिनिक यांनी पाठराखण केली, त्यांनाही समोर बसवून भ्रष्टाचाराचा जाब विचारण्यास ते कचरले नाहीत. शत्रूला प्रश्न विचारण्यास धैर्य लागतेच. मित्राला विचारण्यास त्याहून अधिक लागते.

खुनानंतर काय घडले? तपास करणाऱ्या न्यायाधीशाला २००२ मध्ये देश सोडावा लागला. त्याच वर्षी डॉमिनिक यांच्या पत्नी, पत्रकार मिशेल मोंतास यांच्यावर हल्ला होऊन त्यांचा अंगरक्षक मारला गेला. २००३ मध्ये केंद्र बंद पडले. २०१४ मध्ये नऊ जणांवर ठपका ठेवला गेला, तोही खुनानंतर चौदा वर्षांनी!

पुष्पचक्र वाहणे कोणत्याही सरकारला परवडते. खरी कसोटी असते ती सत्तेच्या वर्तुळातील माणसापर्यंत तपास पोहोचू देण्याची. डॉमिनिक यांच्या अस्थी आर्टिबोनिट नदीत, त्यांच्या शेतकऱ्यांच्या खोऱ्यात विसर्जित झाल्या. त्या शेतकऱ्यांचे न्यायाचे देणे मात्र दुखवट्याने फिटत नाही.