झडती कोणाची घ्यावयाची?

आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. तालुक्याच्या गांवीं एक मोठें दुकान निघालें आहे. कांचेचीं दारें, आंत गार हवा, आणि साबणापासून साखरेपर्यंत सारा माल फळ्यांवर उघडा मांडलेला. ज्याला जें पाहिजे तें त्यानें आपल्या हातानें उचलावें. या दुकानाच्या दाराशीं एक शेतकरी नवराबायको आलीं. दारावरच्या पहारेकऱ्यानें त्यांची कापडी पिशवी काढून घेतली व हातावर एक बिल्ला ठेवला. पिशवींत होतें काय? मेथीचें बियाणें, म्हाताऱ्याच्या खोकल्याचें औषध आणि फडक्यांत बांधलेली भाकरी! त्यांच्या पाठोपाठ एक बाईसाहेब खांद्याला हातभर चामडी पिशवी लटकवून आल्या. तींत दोन किलो साखर सहज मावली असती. पण त्यांना सलाम झाला आणि पिशवी खांद्यावरच आंत गेली.

परत निघतांना दुसरा अंक. पैसे मोजून, पावती हातांत धरून नवराबायको दाराशीं आलीं, तों "कमरेला काय खोचलें आहे, दाखव" असें त्या माउलीला फर्मान सुटलें. बिचारीनें कमरेची चंची सोडून दाखविली. आंतून निघाली सुपारी, तंबाखूची चिमूट व एस्. टी. चीं दोन तिकिटें! मागें रांग उभी होती. बाईच्या डोळ्यांत पाणी आलें. नवरा मान खालीं घालून उभा राहिला. आम्ही त्याच रांगेंत होतों, आणि आम्हींही तोंड उघडलें नाहीं. त्या लाजेपोटीं आज लेखणी हातांत घेतली आहे. दुकानाचें नांव छापीत नाहीं. कारण हा एका दुकानाचा रोग नव्हे, ही साथ आहे.

दुकानदार म्हणेल, "चोऱ्या होतात, मग आम्हीं काय करावें?" चोऱ्या होतात हें आम्हांला मान्य आहे. पण चोरीला वाव कोणीं दिला तें पाहा. आपल्या गांवच्या वाण्याच्या दुकानांत कधीं कोणाची पिशवी तपासली जात होती काय? नाहीं. कारण गिऱ्हाईक फळीच्या बाहेर उभें, माल फळीच्या आंत, आणि वाणी किंवा त्याचा नोकर मोजून देणार. १९१६ सालीं अमेरिकेंतील मेंफिस शहरीं क्लॅरेन्स साँडर्स नांवाच्या व्यापाऱ्यानें निराळ्या तऱ्हेचें दुकान काढलें. गिऱ्हाइकानें आंत शिरावें, आपला माल आपण उचलावा, टोपलींत घालावा आणि दाराशीं पैसे द्यावे. यांत नोकर कमी लागतात, खर्च वांचतो, आणि डोळ्यांसमोर उघडा माल पाहून माणूस गरजेपेक्षां जास्त घेतो. तीच तऱ्हा आज आपल्या तालुक्यांत आली आहे. म्हणजे नोकराचें काम गिऱ्हाइकानें फुकट करावयाचें, त्याचा नफा शेटजीनें घ्यावयाचा, आणि माल उघडा ठेवण्याचा धोका मात्र गरिबाच्या अब्रूवर टाकावयाचा! हा कोठला व्यवहार?

शिवाय दुकानांत तूट येते ती सारी गिऱ्हाइकामुळेंच येते असें नाहीं. माल पुरविणारा कमी देतो, मोजणींत चुका होतात, कांहीं माल गुदामांतच मुरतो. हें व्यापारी जाणून आहेत. पावतीवर दाराशीं शिक्का मारतात, तोही एकच पावती दोनदां चालूं नये व पैसे घेणाऱ्या नोकरानें ओळखीच्या माणसाचा माल हिशोबांत न धरतां सोडूं नये म्हणून. हा शिक्का सर्वांच्या पावतीवर पडतो; त्यांत कोणाचा अपमान नाहीं. आमचें भांडण तपासणीशीं नाहीं, तपासणींतल्या पंक्तिप्रपंचाशीं आहे. लुगडें-धोतर दिसलें कीं संशय, आणि बूट दिसला कीं सलाम! चोरी काय कपड्यांत राहते?

आतां कायदा काय म्हणतो तें नीट ऐका. पहारेकरी टोपी घालतो, पट्टा बांधतो, पण तो पोलीस नव्हे. तुमच्या संमतीवांचून पिशवींत हात घालण्याचा किंवा अंगाला हात लावण्याचा हक्क त्याला नाहीं. पोलिसांनासुद्धां बाईची झडती बाईकडूनच व अदब राखून घ्यावी लागते. मग दुकानाच्या नोकराची काय कथा? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें, डोळ्यांदेखत दखलपात्र व बिनजामिनी गुन्हा करणाऱ्याला साधा माणूस पकडूं शकतो; पण त्याला सहा तासांच्या आंत पोलिसांच्या हवालीं करावें लागतें. नुसत्या संशयावरून मागच्या खोलींत कोंडून दरडावण्याची मुभा कोणालाही नाहीं. असें गैरपणें कोंडून ठेवणाऱ्याला न्याय संहितेच्या १२७ व्या कलमानें एक वर्षापर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. ही गोष्ट घरांतल्या शाळकरी पोराकडून बायाबापड्यांना वाचून दाखवा.

पिशव्या ठेवून घेतात त्या जागीं पाटी असते, "सामान आपल्या जबाबदारीवर ठेवावें." वा रे न्याय! पिशवी आंत नेऊं नका म्हणणार तुम्ही, ठेवून घेणार तुम्ही, आणि जबाबदारी आमची? १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणें, दुसऱ्याची वस्तु सांभाळावयास घेणाऱ्यानें ती शहाणा माणूस आपली वस्तु सांभाळतो तशी सांभाळली पाहिजे. दिल्लीच्या एका बड्या हॉटेलाच्या ताब्यांत दिलेली मोटार चोरीस गेली, त्या खटल्यांत २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, हॉटेलाची हयगय असेल तर अशा "मालकाच्या जबाबदारी"च्या अटीमागें त्याला लपतां येणार नाहीं. मोटारवाल्याला जो न्याय, तो पिशवीवाल्याला कां नको?

आणखी एक गंमत. घरची पिशवी दाराशीं काढून घेतात, आणि पैसे देतांना विचारतात, "पिशवी हवी काय? तिचे वेगळे पडतील!" २०१९ सालीं चंदीगडच्या ग्राहक मंचानें जोड्यांच्या एका नामांकित दुकानाला कागदी पिशवीचे तीन रुपये घेतल्याबद्दल दोषी धरलें. डिसेंबर २०२० मध्यें राष्ट्रीय ग्राहक आयोगानें, आधीं कांहीं न सांगतां पैसे देण्याच्या वेळीं पिशवीची किंमत लावणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली. तीन रुपयांसाठीं एक माणूस अडून बसला म्हणून हें घडलें. अब्रूची किंमत तीन रुपयांहून कमी आहे काय?

या बाबतींत आपल्या लोकांच्या तीन तऱ्हा दिसतात. पहिला म्हणतो, "कर नाहीं त्याला डर कशाला? तपासूं द्या." बाबा रे, तुझें मन साफ आहे हें खरें, पण शेजारणीची पिशवी सोडून तुझीच उघडतात, तेव्हां तुझ्या मनाची साक्ष कोणी काढीत नाहीं, तुझ्या कपड्यांची काढतात. दुसरा लाजून पुन्हां त्या दुकानाची पायरी चढत नाहीं व घरींही कोणाला सांगत नाहीं, जणूं चोरी त्यानेंच केली! तिसरा पहारेकऱ्याची गचांडी धरतो. हा सर्वांत मोठी चूक करतो. तो पहारेकरी कोण? कोरडवाहू शेतीनें घराबाहेर काढलेला आपलाच पोर. दिवसभर दाराशीं उभा असतो, आणि सुटी झाली म्हणजे पुष्कळ दुकानांत त्याचीही झडती होते. केरळानें २०१८ सालीं व तामिळनाडूनें २०२१ सालीं दुकानांतील कामगारांना बसावयास जागा दिलीच पाहिजे असा कायदा केला. इतक्या साध्या गोष्टीला कायदा लागावा, यावरून त्यांचे हाल ओळखा. हुकूम मालकाचा, शिव्या मात्र पोराला! भांडण मालकाशीं करा, पोराशीं नको.

आमचें मागणें फार नाहीं. तपासावयाचें तर सर्वांचें तपासा, नाहीं तर कोणाचेंच तपासूं नका. नियम काय आहे तो दारावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा. बायकांसाठीं बाई नेमा. पिशवी ठेवून घेतां तर तिची पावती व जबाबदारी घ्या, आणि घरची रिकामी पिशवी आंत नेऊं द्या. खरोखर संशय असेल तर पोलिसाला बोलवा, चारचौघांत तमाशा नको. आणि तुम्ही आमची पिशवी पाहतां, तसा आम्हांलाही तुमचा काटा पाहूं द्या. २००९ च्या वजनमापांच्या कायद्यानें त्याची सरकारी तपासणी होऊन त्यावर शिक्का पाहिजे. ज्याच्या मालावर बाजारांत कडता कापतांना कोणाला लाज वाटत नाहीं, त्याच शेतकऱ्याच्या बायकोच्या चंचींत चोरीचा माल शोधावयाचा, म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्यासारखें आहे.

आपल्यापैकीं कोणी माल उचलला तर त्याला पाठीशीं घालूं नका. त्याच्या एका साबणाच्या वडीपायीं शंभर प्रामाणिक माणसांच्या पिशव्या उघडल्या जातात. पण प्रामाणिक माणसानें मान खालीं कां घालावी? पुढच्या बाजारीं कोणी अडविलें तर शांतपणें म्हणा, "दादा, माझी पिशवी खुशाल पाहा, पण आधीं माझ्या पुढें गेल्या त्या बाईसाहेबांची पाहा." एवढें एक वाक्य पुरे आहे. आणि रांगेंत मागें जो उभा असेल त्यानें, "खरें आहे, सर्वांचीच पाहा" असें मोठ्यानें म्हणावें. त्या दिवशीं आम्हीं तें म्हणावयास पाहिजे होतें.