प्रार्थना ही दुबळ्यांची कुबडी काय ?

"प्रार्थना म्हणजे दुबळ्यांची कुबडी," असा शेरा जुन्या जालन्यांत एका सुशिक्षित गृहस्थांनीं परवां माझ्या देखत मारला, आणि जमलेल्या मंडळींनीं माना डोलावल्या. त्याला उत्तर देणें मला अगत्याचें वाटतें. कारण त्यांत अर्धें सत्य आहे, आणि अर्धें सत्य धडधडीत असत्यापेक्षां अधिक घातक असतें.

पाय मोडलेल्या मनुष्यानें कुबडी फेकून दिली तर आपण त्याला शूर म्हणत नाहीं, अविचारी म्हणतों. प्रश्न एवढाच कीं, पाय मोडला आहे हें तो कबूल करतो कीं नाहीं. आम्हां शिकलेल्यांचें घोडें येथेंच अडतें. आमचा क्रोध 'स्पष्टवक्तेपणा' म्हणून, कृपणपणा 'काटकसर' म्हणून आणि मत्सर 'चिकित्सा' म्हणून उजळ माथ्यानें वावरतो. ख्रिस्ती प्रार्थनेची पहिली पायरी हीं खोटीं नांवें पुसून टाकण्याची आहे. तें काम दुबळ्याचें नव्हे.

याच जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनीं एकोणिसाव्या शतकांत, सर सालारजंगांकडून मिळालेल्या जमिनीवर, बेथेल हें ख्रिस्ती गांव वसविलें. शेषाद्री जन्मानें ब्राह्मण; १८४३ सालीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. बेथेल म्हणजे देवाचें घर. पण मूळच्या बेथेलची कथा काय सांगते ? आंधळ्या बापाला फसवून, भावाचा आशीर्वाद लाटून पळालेला याकोब तेथें दगड उशाला घेऊन निजला, आणि त्याला देवदर्शन झालें. सज्जनाला नव्हे, लबाडाला ! जागा झाल्यावर त्यानें केलेला नवसही सौद्याचाच होता. परंतु कित्येक वर्षांनीं त्याच भावासमोर त्याला सात वेळां भुईपर्यंत वाकावें लागलें. दर्शनानें तें वांकणें टळलें नाहीं.

म्हणून आमच्या भाविक बंधूंनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. प्रार्थना केली कीं दोष आपोआप गळून पडतो, ही समजूत शास्त्राला धरून नाहीं. पौलानें तीनदां विनवूनही त्याच्या देहांतला कांटा निघाला नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. पण त्यांचा तापट स्वभाव त्या पाण्यांत विरघळून गेला, असें लक्ष्मीबाईंनीं 'स्मृतिचित्रें'त कोठेंच भासविलेलें नाहीं. त्या प्रामाणिकपणानें टिळक लहान झाले काय ? उलट, आपल्याला अधिक जवळचे झाले.

मग प्रार्थनेनें साधतें काय ? मनुष्य आपल्या दोषाची वकिली करणें सोडतो. वेदीपाशीं अर्पण ठेवून आधीं दुखावलेल्या भावाकडे जा, ही ख्रिस्ताची आज्ञा याच अर्थाची आहे. मीं एकदां भर वर्गांत एका गरीब विद्यार्थ्याच्या उच्चारांची थट्टा केली. त्या रात्रीं देवापुढें गुडघे टेकणें मला जड गेलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्याच वर्गांत त्या मुलाची क्षमा मागतांना मात्र घाम फुटला. पण रात्रीं गुडघे टेकले नसते, तर सकाळीं तोंड उघडलें नसतें, हेंही तितकेंच खरें.

ज्यांना ही कुबडी दुबळ्यांची वाटते, त्यांनीं ती हातीं घेऊन एवढें एकच पाऊल टाकून पाहावें.